लाकडी पायाचं वाक्य

सात नंबरची ट्राम नदीवरच्या पुलावर होती तेव्हा मागच्या बाकावरची बाई माझं वाक्य बोलली. मी खिडकीशी बसलो होतो, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा कार्नेशन. फुलवालीनं विचारलं होतं, "जिवंताला की गेलेल्याला?" मी म्हणालो, "अजून नक्की नाही." तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि सहा मोजून दिली. गेलेल्याला सम, जिवंताला विषम, एवढं कोणालाही कळतं, पण त्या फुलवालीनं क्षणभर का होईना माझ्याकडं शंकेनं पाहिलं याची मला गंमत वाटत होती, आणि पूल येईपर्यंत मी याच गमतीवर दिवस काढायचा बेत करत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "हे वाच गं. कसला माणूस असेल. 'लाकडाचा पाय लावीन, पण रफ्कातला बर्फावर उतरवीन.' असं म्हणाला होता." दुसरी म्हणाली, "आणि उतरवला?" "उतरवला तर. गुडघा कायमचा गेला त्या खेळाडूचा. छापलंय सगळं." "राक्षसच म्हणायचा." "राक्षस कसला, तेव्हाचे कोच असलेच. पण पदक आणलं हो त्यानं आपल्या गावाला." मग कागदाची घडी घातल्याचा आवाज आला आणि बायका बटाट्याच्या भावावर गेल्या. मी मात्र पुलावरच राहिलो. ट्राम पुढं गेली, पोलादाच्या कारखान्याच्या तीन चिमण्या मागं पडल्या, खिडकीवरच्या हिमाच्या थरात कोणीतरी बोटानं पाडलेल्या भोकातून शहर सरकत होतं, पण मी तिथंच, त्या वाक्यापाशी. माणसानं आपल्या तरुणपणी केलेलं एखादं पाप म्हातारपणी परक्या बाईच्या तोंडून, चष्म्याआडून, स्वच्छ उच्चारात ऐकावं, तसं झालं. कारण ते वाक्य आमचा कोच पाखोम निकानोरिच झिर्यानोव कधीच बोलला नव्हता. ते मी बनवलं होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, एका पायात स्केट घातलेला आणि दुसरा पाय मोज्यात, अशा अवस्थेत. आणि आज, मी ट्राममध्ये असताना, निकानोरिच बर्फमहालाच्या, म्हणजे आमच्या हॉकीच्या मैदानाच्या, मध्यभागी उघड्या शवपेटीत पडला होता. एक वाजता त्याला उचलणार होते.

आता कोणी म्हणेल, तिमोफेय लुकिच, तुम्ही तर आयुष्यभर वाक्यंच बनवत आलात, एकाचं काय घेऊन बसलात. खरं आहे. 'मार्तेन' या बर्फावरच्या हॉकीच्या क्लबचा मी बचावपटू होतो, एकोणीस हंगाम खेळलो, पण गावात मला कोणी त्यासाठी ओळखत नाही. बाजारात मला थांबवतात ते अर्ध्या गोलासाठी. अर्ध्या गोलाचं असं, की सैबेरियात एकदा उघड्यावर सामना होता, थंडी अशी की पंचाची शिट्टी ओठाला चिकटली होती आणि तो फाऊल दाखवायला डोळे मिचकावत होता. मी चकती अशी मारली की ती वाटेतच उकलून दोन झाली. एक फाळका जाळ्यात गेला, दुसरा गोलरक्षकाच्या हातात राहिला. पंचांनी तासभर नियमांचं पुस्तक वाचलं आणि अर्धा गोल दिला. साडेतीन विरुद्ध तीन जिंकलो. दुसरी गोष्ट अस्वलाची. जंगलातल्या आमच्या सरावतळामागं तळं होतं, ते गोठलं की एक अस्वल यायचं, आणि माझा जोडीदार रफ्कात त्याला उलटं स्केटिंग शिकवायचा. डावीकडं वळायला ते आमच्या कप्तानापेक्षा बरं होतं. या गोष्टी मी शाळांत सांगितल्या, कारखान्याच्या कँटीनमध्ये सांगितल्या, दोनदा रेडिओवर सांगितल्या. कोणाला माहीत नाही ते एवढंच, की त्या फेब्रुवारीच्या आधी मला एकही गोष्ट सांगता येत नव्हती. मी मुखदुर्बळ होतो. माझी आई शेजारणींना सांगायची, "आमचा तिमोशा बोलतो, पण वर्षातून दोनदा, आणि दोन्ही वेळा भाकरी मागतो." पहिली गोष्ट रफ्कातला सांगितली. तिच्यावर कोणाची नजर जाऊ नये म्हणून दुसरी सांगितली, दुसरीवर तिसरी. पहारेकरी एकच वाट झाकायला अख्खं अंगण बर्फानं भरून टाकतो ना, तसं मी बेचाळीस वर्षं फावडं चालवतोय. लोक म्हणतात, काय हा माणूस, काय याची जीभ.

आमच्या संघात एक रीत होती. जखमी माणसाला कोणी विचारायचं नाही. विचारून उपयोगच नसायचा. हॉकी खेळणारा माणूस स्वतःचं मुंडकं काखेत घेऊन आला तरी 'ठीक आहे, फक्त जरा गार लागतंय' म्हणणार. म्हणून निकानोरिच जोडीदाराला विचारायचा. बचावात दोघादोघांच्या जोड्या. तळावर वर्षाचे दहा महिने एका खोलीत राहायचं, एका ताटात जेवायचं, एकाच्या पोटात दुखलं तर दुसऱ्याला झोप लागायची नाही, बायका हसायच्या आम्हाला. तर सामन्याच्या दिवशी दुपारी निकानोरिच कानावर पेन्सिल आणि हातात यादी घेऊन रबरी चटयांच्या बोळकांड्यात उभा राहायचा आणि ज्याचा जोडीदार दुखावलेला असेल त्याला एक शब्द विचारायचा. "खेळतो?" उत्तर दोनच. 'खेळतो' किंवा 'नाही'. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, कारण द्यायचं नाही, आणि उत्तर काय दिलं म्हणून कोणी कोणावर रागवायचं नाही. तो म्हणायचा, डॉक्टर हाड बघतो, मी कोच म्हणून घड्याळ बघतो, माणूस फक्त जोडीदारालाच दिसतो. माझ्या आयुष्यात मला इतका मान कोणी दिला नाही, त्याच्याआधीही नाही, नंतरही नाही. राष्ट्रीय संघाच्या जर्सीनंही नाही.

त्या आठवड्यात सरावात एक चकती रफ्कातच्या गुडघ्यामागं बसली होती. गुडघा सुजला, मग उतरला, मग निळा झाला आणि गप्प झाला. सामन्याच्या सकाळी वाफेच्या न्हाणीत आम्ही दोघंच वरच्या फळीवर बसलो होतो. बर्चच्या डहाळ्यांचा ओला वास, दगडांवर पाणी पडल्याची सणसण. रफ्कात पाय लांब करून त्याच्याकडं दुसऱ्याची वस्तू बघावी तसं बघत होता. म्हणाला, "तिमोखा, हा पाय माझा नाहीये. खाली काही लागतच नाही मला." मी काही बोललो नाही. मी तेव्हा बोलत नसे. "म्हातारा तुला विचारेल," तो म्हणाला. "तू सांग नाही म्हणून. माझ्या तोंडून नाही निघायचं ते." एवढंच. मग त्यानं थंड पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेतली आणि घोड्यासारखा ओरडला. आता जे त्याला ठाऊक नव्हतं आणि मला होतं, ते असं. तासाभरापूर्वी आमच्या मालीशवाल्यानं माझी पाठ रगडताना कानाशी सांगितलं होतं, "मॉस्कोहून राष्ट्रीय संघ निवडणारा माणूस आलाय. तुमची जोडी बघायला. दोघांची, बरं का." जोडी उतरायची तर दोघं, बसायची तर दोघं. हीसुद्धा आमची रीतच. रफ्कात बाकावर तर मीही बाकावर. मॉस्कोचा माणूस उरालमध्ये पुन्हा केव्हा येणार? मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. मी हे रफ्कातला सांगितलं नाही. कशाला सांगितलं नाही याचा मी पुढं फार विचार केला आणि मला एकच उत्तर मिळालं: सांगितलं असतं तर तो स्वतःच खेळतो म्हणाला असता, माझ्यासाठी, आणि मग ते ओझं माझ्या एकट्याचं झालं असतं. मी ओझं वाचवलं. असा मी हिशेबी.

बोळकांड्यात निकानोरिचनं विचारलं, "खेळतो?" रबरी चटईवर माझ्या एका स्केटचं पातं कुरकुरलं. मी म्हणालो, "खेळतो." त्यानं पेन्सिल काढली आणि यादीत नाव लिहायला घेतलं. मुखामेत्झ्यानोव. रफ्कातचं आडनाव लांब. निकानोरिच कारखान्याच्या रात्रशाळेत शिकलेला, एकेक अक्षर कोरून लिहायचा. तेवढा वेळ होता माझ्याकडं. मी मोजत नव्हतो, पण आज सांगतो, तेवढ्या वेळात बोळकांड्याच्या टोकाला असलेलं दार उघडलं, बर्फाचा गार वास आला, दार लागलं, आणि पेन्सिलचं टोक मोडलं. त्यानं नखानं टोक काढलं आणि पुढचं अक्षर लिहिलं. मी काही बोललो नाही. यादी भिंतीला लागली, रफ्कातनं आपलं नाव पाहिलं आणि खोलीत येऊन माझ्यासमोर बसला. माझा एक पाय मोज्यात होता. त्यानं विचारलं नाही. फक्त पाहिलं. आणि तेव्हा, ज्याला भाकरी मागायलासुद्धा बळ लागायचं त्या माझ्या तोंडून, अडखळल्याशिवाय, म्हाताऱ्याच्या खर्जातल्या आवाजाची नक्कल करून ते वाक्य आलं: "मी नाहीच म्हणालो रे. पण तो म्हणतो, लाकडाचा पाय लावीन, पण रफ्कातला बर्फावर उतरवीन." रफ्कात हसला. म्हणाला, "हरामखोर म्हातारा." आणि नाडी ओढायला लागला. दुसऱ्या सत्रात, कोपऱ्यात, त्यांचा एक दांडगा गडी त्याच्यावर आदळला. आवाज आला तेव्हा सगळ्यांना वाटलं स्टिक मोडली. पंचसुद्धा बर्फावर तुकडे शोधत होता. स्टिक रफ्कातच्या हातात अखंड होती.

आम्ही जिंकलो. कांस्यपदक मिळालं. शरदात मला मॉस्कोहून बोलावणं आलं, एकट्याला, आणि मी दोन वर्षं छातीवर देशाच्या नावाची चार अक्षरं घेऊन प्राग, व्हिएन्ना, स्टॉकहोम फिरलो, एका अशा जोडीदाराबरोबर जो जेवताना मीठसुद्धा पुढं करत नसे, मग चकती काय करणार. रफ्कात कारखान्याच्या गोदामात लागला. निकानोरिच इस्पितळात त्याला भेटायला गेला तेव्हा रफ्कातनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी दारात होतो. बाहेर येताना म्हातारा माझ्यासमोर थांबला आणि म्हणाला, "तू खेळतो म्हणाला होतास." प्रश्न नव्हता, आरोपही नव्हता, यादी वाचावी तसं म्हणाला. पुढं कधीच नाही. वाक्य गावभर झालं तरी नाही. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाला टेबलावर कोणीतरी विचारलंच, "निकानोरिच, खरं सांगा, लाकडी पायाचं म्हणाला होतात का?" सगळ्यांचे काटेचमचे थांबले. त्यानं मीठ लावलेली काकडी चावली, सावकाश गिळली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "म्हणालो असेन. थंडी होती त्या दिवशी." सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. का केलं असेल त्यानं असं? मी या प्रश्नावर अनेक उत्तरं रचून बघितली, रचणं हा माझा धंदाच. जास्तीत जास्त खरं वाटतं ते हे, म्हातारा मनात म्हणाला असेल: त्या मुलाचा पाय गेला, खेळ गेला, आता त्याच्याजवळ एक जोडीदार तेवढा उरलाय, तो काढून घेऊन मी त्याला काय देणार? कोच तर काय, द्वेष करायलाच असतो. असं काहीतरी. नाहीतर त्याला खरंच माझा इतका कंटाळा आला असेल.

ट्राम बर्फमहालाच्या दोन थांबे अलीकडं थांबली आणि मी उतरलो. ठरवून उतरलो असं म्हणवत नाही. दार उघडलं आणि पाय गेले. रफ्कात तिथंच राहतो, पाच मजली इमारतीत चौथ्यावर, लिफ्ट नाही. तो आज जाणार नव्हता. काल फोनवर म्हणाला होता, "तो उभा असताना भेटलो नाही त्याला, आडव्याला काय भेटू." बारा वाजायला आले होते. मला एवढंच कळत होतं, की एक वाजता पेटीवर झाकण बसेल आणि माझं वाक्य त्या माणसाबरोबर आत जाईल, त्याचंच म्हणून. नूरियानं दार उघडलं. रफ्कातची बायको, ठेंगणी, पिठानं भरलेले हात. फुलं बघून म्हणाली, "अगंबाई, लुकिच, मला? आणि सहा? मारताय का काय?" मी म्हणालो, "एक तुम्ही काढून घ्या, पाच मला ठेवा, दोघंही जगू." "या आत, गार वारा शिरतोय. सारणाच्या तिकोन्या भट्टीत आहेत." स्वयंपाकघरात रफ्कात स्टुलावर पाय लांब ठेवून बटाटा सोलत होता, सबंध साल एका पट्टीत. तो पाय वाकत नाही. बेचाळीस वर्षं त्या घरातलं प्रत्येक टेबल त्या पायाला वाट देऊन मांडलेलं आहे.

"आलास जाऊन?" तो म्हणाला.

"नाही अजून. एक वाजता उचलणार."

"मग बसलायस काय? जा. माझा नमस्कार सांगू नकोस."

"रफ्कात, ते वाक्य म्हातारा म्हणाला नव्हता."

"कुठलं?"

"लाकडी पायाचं."

"मग कोण म्हणालं? अस्वल?"

"मी. त्यानं मला विचारलं, खेळतो का. मी म्हणालो, खेळतो."

सुरी थांबली. साल लोंबत राहिली. नूरियानं नळ बंद केला, आणि मला भट्टीतल्या कणकेच्या फुगण्याचा आवाज ऐकू आला, शपथ घेऊन सांगतो ऐकू आला, अशा वेळी ऐकू येतो. मी रफ्कातच्या खांद्यांकडं बघत होतो. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. बटाटा वाडग्यात टाकून, मनगटानं डोळे पुसत हसत होता.

"तिमोखा, तिमोखा. इतकी वर्षं तुझ्या गोष्टी ऐकतोय. एक पडली नाही कधी. ही पडली बघ."

"खरं सांगतोय मी."

"अर्ध्या गोलाच्या वेळीही हेच म्हणालास. आईची शपथ घेतली होतीस, आणि तुझी आई शेजारी बसून डोक्याला हात लावत होती."

"रफ्कात..."

"बरं, चल, धरून चालू खरं. कशासाठी? मी न्हाणीत सांगितलं होतं तुला, नाही म्हण म्हणून. तू भावासारखा. तुला काय मिळणार होतं त्यात?"

इथं मला बोलायचं होतं. मॉस्कोचा माणूस, त्या सामन्यात तिसऱ्या रांगेत बसलेला, करडी फरची टोपी घातलेला. कबुली द्यायला मी चार मजले चढून आलो होतो, पण कबुलीत आपण काय केलं तेवढंच असतं. कशापोटी केलं हे त्याच्या मागं, आतल्या खोलीत असतं, आणि त्या खोलीची किल्ली मी खाली ट्राममध्येच विसरून आलो होतो जणू. मी म्हणालो, "कोण जाणे."

"बघ!" रफ्कातनं टेबलावर थाप मारली. "गोष्टीला कारण लागतं, हे तूच सांगायचास. नूरिया, ऐकलंस? हा माणूस चार मजले चढून आला, स्वतःच्या डोक्यावर घाण ओतून घ्यायला, का, तर मी त्या म्हाताऱ्यापाशी जाऊन उभं राहावं. असा आहे हा. माझा काळा कोट काढ. तुझ्यासाठी येतो मी, तिमोखा. त्याच्यासाठी नाही."

नूरिया हसली नव्हती. तिनं कोट आणून दिला, कॉलर सरळ केली, आणि नवऱ्याच्या खांद्यावरून माझ्याकडं असं पाहिलं, जसं बाजारात वजनकाट्याकडं पाहतात. आम्ही जिना उतरलो. रफ्कात पुढं, कठड्याला धरून, वाकत नसलेला पाय बाजूनं फिरवत, मी मागं. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मला हलकं वाटत होतं. मी सांगून टाकलं होतं. ऐकणाऱ्यानं ऐकलं नाही यात माझा काय दोष? तिसऱ्या मजल्यापर्यंत मी जवळजवळ साधू झालो होतो. दुसऱ्या मजल्यावर मी मनातल्या मनात हीच गोष्ट कँटीनमध्ये सांगायला घेतली होती: कसा मी खरं बोललो, आणि कसं कोणी मानलं नाही. लोक हसले असते. तळमजल्यावर रफ्कातनं मागं न बघता माझा हात शोधला आणि थोपटला. "बरं केलंस आलास," तो म्हणाला. तेव्हा माझा हलकेपणा तिथंच संपला.

बर्फमहालात बर्फावर लाल सतरंज्या टाकल्या होत्या आणि कडेनं फर झाडाच्या फांद्या. मधल्या वर्तुळात पेटी. तिथं उभं राहिलं की थंडी तळव्यांतून वर येते, ती ओळखीची, मऊ, रबराचा आणि ओल्या लाकडाचा वास असलेली. मला नेहमी वाटतं की मेल्यावर मला नरकात पाठवलं तर तिथंही असंच गार असावं, म्हणजे चुकल्यासारखं होणार नाही. निकानोरिच बारीक झाला होता. नाक तेवढं मोठं राहिलं होतं, आणि कानामागं, जिथं पेन्सिल असायची, तिथं केस अजून दबलेले होते, किंवा मला तसं दिसलं. माइकवर शहराच्या क्रीडाखात्याचे एक गृहस्थ बोलत होते. "कठोर माणूस," ते म्हणाले. "ते प्रसिद्ध वाक्य आपणा सर्वांना ठाऊक आहे. चूक झाली असेल, पण त्या पिढीची ती निष्ठा..." लोक मान हलवत होते. जुने खेळाडू रफ्कातला वाट देत होते, तो आला म्हणून कुजबुजत होते. तो पेटीपाशी गेला, एक हात कडेवर ठेवला, दुखरा पाय मागं सोडून वाकता आलं तेवढा वाकला आणि म्हणाला, अगदी घरगुती आवाजात, "जाऊ दे, निकानोरिच. सोडून दिलं मी. केलंस ते केलंस." आणि त्याच्या कपाळाला हात लावला.

मी त्या मृत चेहऱ्याकडं बघत होतो. त्यानं त्यातलं काही केलं नव्हतं. आता त्याला माफीही मिळाली होती. चोरी न केलेल्या माणसाला गावानं मोठ्या मनानं सोडून द्यावं, आणि त्याला नको म्हणायलासुद्धा तोंड नसावं. तेवढ्यात क्लबचा तरुण संचालक माझ्या कोपराला धरून म्हणाला, "लुकिच, आता तुम्ही. दोन शब्द. जरा हसवा लोकांना, फार जड झालंय." माइक माझ्या उंचीला आणला. खाली शेदोनशे तोंडं, आधीच थोडी सैल झालेली. मागून कोणीतरी म्हणालं, "अर्धा गोल!"

मी म्हणालो, "लाकडी पायाचं वाक्य हा माणूस बोलला नाही. ते मी बनवलं. त्यानं मला रीतीप्रमाणं विचारलं, रफ्कात खेळतो का. रफ्कातनं मला नाही सांगायला सांगितलं होतं. मी खेळतो म्हणालो."

कोणीतरी हसलं. मग आणखी चौघं, जरा उशिरा. ते थांबले होते, पुढं काय येतं म्हणून. एवढ्या वर्षांची सवय मीच लावलेली. मी माइकची दांडी धरली. ती गार होती.

"त्या दिवशी मॉस्कोचा निवडणारा आला होता. आमच्या जोडीसाठी. मालीशवाल्यानं मला सांगितलं होतं. मी रफ्कातला सांगितलं नाही. तो बसला असता तर मीही बसलो असतो. म्हणून. झालं एवढंच."

संचालकानं टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच धरून ठेवले. हसणं कुठंतरी वरच्या रिकाम्या बाकांवर जाऊन विरलं. मी फक्त रफ्कातकडं बघत होतो. तो हसत नव्हता. त्याचे ओठ किंचित हलत होते, जसे तो सामन्यानंतर मनात खेळी पुन्हा मांडायचा तेव्हा हलायचे: कोण कुठं होता, कोणी कोणाला दिली, कुठून गेली. तिसरी रांग. त्यानंही तेव्हा पाहिलेली करडी टोपी. शरदातलं बोलावणं, एकट्याला. शेवटच्या खेळीपर्यंत तो पोहोचला तेव्हा मला ते दिसलं. त्याचा चेहरा रागावला नाही. तो म्हातारा झाला. माझ्यासमोर, एवढ्या वेळात.

जुन्या खेळाडूंनी मानवंदना म्हणून मैदानाच्या कडेच्या फळ्यांवर स्टिका आपटल्या, पेटी उठली. स्मशानाला दोन बस होत्या. रफ्कात पहिलीत चढला, पाय पसरायला जागा म्हणून पुढच्या बाकावर. मी पायरीवर होतो. शेजारची जागा मोकळी होती. त्यानं खिडकीकडं बघतच म्हटलं, "दुसरी बस आहे मागं." या वेळी त्यानं मला 'तिमोखा' म्हटलं नाही. मी दुसरीत बसलो. एक वार्ताहर मुलगी शेजारी येऊन म्हणाली, "आजोबा, ते मघाचं... ते खरं होतं का तुमच्या गोष्टींपैकी होतं?" मी म्हणालो, "खरं होतं, बाळ." तिनं वही उघडली, माझ्याकडं पाहिलं, आणि वही मिटली. उरलेली वाट मी कोणाशी बोललो नाही. आई असती तर म्हणाली असती, हा माझा तिमोशा.

जमीन गोठलेली, खड्डा यंत्रानं काढलेला, माती नव्हतीच म्हणायची, नुसते खडे, करडे, कडेला बर्फाची पूड लागलेले. पेटी दोरांवरून खाली गेली. लोक एकेक करून पुढं येत, वाकत, मूठभर उचलत, टाकत. खड्यांचा लाकडावर आवाज आधी पोकळ येतो, मग कमी कमी. रफ्कातची पाळी आली. तो ढिगापाशी उभा राहिला आणि उभाच राहिला. ढीग खाली होता. चांगला पाय वाकवावा तर दुखरा घसरत होता, आणि धरायला काही नव्हतं. त्यानं एकदा अर्धवट प्रयत्न केला, हात जमिनीपासून वीतभर वर थांबला. मागं रांग होती. लोक दुसरीकडं बघत होते, आमच्याकडं लोक अशा वेळी दुसरीकडं बघतात, तो त्यांचा चांगुलपणा. मी रांगेत बराच मागं होतो. पुढं आलो, वाकलो, तीन खडे उचलले आणि तळहात त्याच्यासमोर धरून उभा राहिलो. त्यानं हाताकडं पाहिलं. वर नाही, हाताकडंच. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, आणि आज मला वाढवून सांगायचं नाही. वाऱ्यानं बर्फाची पूड खड्यांवरून उडत होती. मग त्यानं एक खडा घेतला आणि टाकला. दुसरा घेतला, टाकला. तिसरा हातात धरून थोडा वेळ बोटांत फिरवला, तोही टाकला. हात कोटाला पुसले.

"हात खाली घे आता," तो म्हणाला. "लोक बघतायत."

मी घेतला.